पहाटे मासे वर येऊन हवा गिळतायत? पाणी बदलायच्या आधी हे बघा

परसात अॅक्वापोनिक्स (टाकीत मासे, आणि त्याच पाण्यावर बेडमध्ये भाज्या) सुरू करून दोनतीन महिने झाले की जवळपास प्रत्येकाचा हा प्रश्न येतो. माझ्या स्वतःच्या टाकीत हे पाच वेळा झालंय, आणि दुसऱ्यांच्या टाक्यांत किती वेळा निस्तरलंय ते मोजणं मी सोडून दिलंय, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. माझा सेटअप साधाच आहे, १००० लिटरची टाकी, दोन खडीचे बेड, पंपाने पाणी बेडमध्ये जातं आणि बेल सायफनने (बेड भरला की पाणी आपोआप रिकामं करणारी नळी) परत टाकीत पडतं. तुमचा थोडा वेगळा असेल तरी चालेल, दुखणं तेच असतं.

आधी लक्षणं, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय का ते कळेल.

– मासे पाण्याच्या वरच्या थरात येऊन तोंड उघडबंद करतात, कल्ले जोरजोरात हलतात, आणि जिथे पाणी वरून पडतं त्याच कोपऱ्यात सगळे गर्दी करतात.
– खाद्य टाकलं तर येत नाहीत, किंवा दोन दाणे घेऊन परत फिरतात.
– सकाळी घाबरवून सोडतात आणि दुपारी असे फिरतात की काही झालंच नव्हतं.
– पाणी बदललं की दोन दिवस छान, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.
– मेलेच तर बहुतेकदा मोठे आधी मरतात, तोंड उघडं, कल्ले पसरलेले.

यातली दोनतीन जुळली तर पुढे वाचा. आणि आत्ता या क्षणी मासे वर तरंगत असतील तर वाचन राहू द्या, खाद्य बंद करा, आणि बादलीने टाकीतलंच पाणी उचलून हातभर उंचीवरून परत टाकीत ओतत राहा, दहापंधरा मिनिटं तरी. हात दुखतील पण मासे वाचतील. मग या.

आता माझी चूक सांगते कारण तुम्हीही तीच करताय बहुतेक. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी ठरवूनच टाकलं की पाणी खराब झालंय, अमोनिया (माशांच्या घाणीतून आणि कुजलेल्या खाद्यातून होणारं विष) वाढलाय. तिसरा हिस्सा पाणी काढलं, नवीन भरलं, मासे एकदम फ्रेश. मी खूश. मग दर रविवारी हाच कार्यक्रम, दोन महिने! आणि दर बुधवार-गुरुवारी मासे परत वर. शेवटी टेस्ट किट आणून बघितलं तर अमोनिया जवळजवळ शून्य. मग बरं कशाने वाटत होतं? तर पाइपातून उंचावरून पडणारं नवीन पाणी सोबत भरपूर हवा घेऊन येत होतं, बाकी काही नाही. पाणी बदलल्यावर मासे सुधारले म्हणजे पाणीच खराब होतं असं अजिबात सिद्ध होत नाही, आणि या एका गैरसमजापायी लोक महिनोन्महिने चुकीच्या जागी शोधत बसतात.

माशाचा श्वास तीन ठिकाणी अडकतो. पाण्यात ऑक्सिजनच कमी, किंवा पाण्यात असं काही आहे जे ऑक्सिजन घेऊ देत नाही, किंवा कल्लेच बिघडलेत. वरून तिन्ही सारखेच दिसतात. म्हणून स्वस्तातलं आणि सोपं आधी तपासायचं.

घड्याळ बघा. याला काहीच लागत नाही आणि निम्मं निदान इथेच होतं. मासे नेमके कधी वर येतात ते तीन दिवस लिहून ठेवा. फक्त पहाटे येत असतील आणि ऊन चढल्यावर ठीक होत असतील तर जवळजवळ नक्की ऑक्सिजनचा प्रश्न, कारण दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं पण रात्री तेच शेवाळ, मासे, जिवाणू, गाळ सगळे मिळून खातात आणि सूर्य उगवायच्या जरा आधी पातळी सगळ्यात खाली असते. खाद्य दिल्यानंतर तासा-दोन तासांनी येत असतील तर खाद्य जास्त होतंय किंवा मासे जास्त झालेत, पोट भरल्यावर माशाला ऑक्सिजन जास्त लागतो. आणि दिवसभर, ऊन असो नसो, एअरस्टोन (हवेच्या नळीच्या टोकाचा, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) फसफसत असतानाही येत असतील तर मात्र पाण्यातलं विष किंवा कल्ले.

हवा आणि पाण्याचा प्रवाह. एअरस्टोन बाहेर काढून बघा. बुडबुडे येतायत म्हणजे चालू आहे असं नसतं, क्षार आणि शेवाळ बसून बसून अर्धा दगड बंद होतो आणि उरलेल्या अर्ध्यातून दोनचार मोठे बुडबुडे भकाभका येतात, ते लगेच वर जाऊन फुटतात, त्यातून पाण्यात फार काही मिसळत नाही. बारीक बुडबुडे हवेत, आणि वरचं पाणी हललेलं दिसलं पाहिजे, कारण खरा ऑक्सिजन पाण्याच्या पृष्ठभागातूनच आत जातो. दगड व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा, घासा, धुवा, नाहीतर सरळ बदला, फार महाग वस्तू नाही ती. एअर पंपाची हवा येते का ते नळी गालाजवळ धरून बघा, आतलं रबरी डायफ्राम फाटलं की पंप आवाज तेवढाच करतो पण हवा निम्मी देतो.

मग पाण्याचा पंप. बेडमध्ये पाणी पडतं तिथे १० लिटरची बादली धरा आणि मोबाईलवर सेकंद मोजा. १००० लिटरच्या टाकीचं पाणी तासाला साधारण एकदा तरी फिरायला हवं, म्हणजे ती बादली ३६ सेकंदांत भरली पाहिजे (दोन बेडला दोन पाइप असतील तर प्रत्येकी ७२ सेकंद, हिशोब तोच). एकाच पाइपला सव्वा-दीड मिनिट लागत असेल तर पंपाच्या जाळीत मुळं, शेवाळ, माशाचं शेण अडकलंय. पंपावर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, तो शून्य उंचीचा असतो, पाणी मीटरभर वर चढवायचं म्हटलं की बराच कमी होतो.

टायमर लावलाय का? माझा दोन महिन्यांचा घोळ शेवटी इथेच निघाला. वीज वाचवायची म्हणून मी रात्री ११ ते पहाटे ५ पंप बंद ठेवत होते, म्हणजे नेमकं जेव्हा माशांना सगळ्यात जास्त गरज तेव्हाच पाणी पडणं बंद, आणि वर एअरस्टोन अर्धा तुंबलेला. टायमर काढला, दगड बदलला, संपलं. दोन महिने वाहून घातलेल्या पाण्याचा हिशोब मी करत नाही.

खाद्य दोन दिवस बंद. हो, पूर्ण बंद. निरोगी मोठ्या माशाला दोन दिवस उपास काही करत नाही (अगदी बारीक बोटुकली, म्हणजे माशाची बोटाएवढी पिल्लं, असतील तर एकच दिवस). यातून कळतं काय? दोन दिवसांत फरक पडला तर भार जास्त होता. पाच मिनिटांत जेवढं संपतं तेवढंच द्यायचं आणि तळाशी उरलेलं काढून टाकायचं, एवढा एकच नियम पुरे. नवशिके दोन टोकाच्या चुका करतात, मासे वर आले की भूक लागली असं समजून अजून खाद्य टाकतात, ते कुजतं, कुजायला ऑक्सिजन लागतो, मासे अजून वर येतात, आणि मग हे चक्र फिरतच राहतं. दुसरी चूक म्हणजे टाकी रिकामी दिसते म्हणून मासे वाढवत जाणं. सुरुवातीला १००० लिटरला १० किलो मासे पुरे, २० किलो म्हणजे छोट्या सेटअपची हद्दच. आणि हे वजन मासे सोडताना मोजायचं नसतं, ते मोठे झाल्यावर किती होतील त्याचं मोजायचं, तिथेच सगळे फसतात. १०० बोटुकली सोडताना मूठभर वाटतात, प्रत्येकी अर्ध्या किलोची झाली की ५० किलो!

तापमान. साधा थर्मामीटर टाका, पहाटे आणि दुपारी दोन्ही वेळा बघा. पाणी गरम झालं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, २० अंशाला साधारण ९ मिलिग्रॅम प्रति लिटर, ३० अंशाला साडेसात, आणि त्याच वेळी माशाची गरज मात्र वाढते. म्हणजे दोन्ही बाजूंनी मार. बहुतेक माशांना ५ मिलिग्रॅमच्या वर ठेवायचं, तिलापिया कमीत भागवतो, ट्राउटला जास्त आणि थंड लागतं. टाकीवर सावली करा. सावलीने शेवाळही कमी होतं, हे पारदर्शक किंवा पांढऱ्या टाकीवाल्यांनी विशेष मनावर घ्यावं, पाणी हिरवंगार असेल तर पहाटेचा ऑक्सिजन तिथेच जातोय.

कुजणारं शोधा. पंपाच्या मागे मेलेला मासा, तळाच्या कोपऱ्यात गाळाचा ढीग, बेडमध्ये मेलेली मुळं. खडीत हात कोपरापर्यंत घाला (खरंच घाला), खालची खडी बाहेर काढून वास घ्या. मातीसारखा वास आला तर उत्तम. सडक्या अंड्याचा आला तर तिथे हवा पोचत नाहीये आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतोय, तो माशांना अगदी थोडाही पुरतो. अशा वेळी सगळा बेड एकदम उकरायचा मोह टाळा, तो गाळ आणि वायू एका दमात टाकीत उतरला तर सकाळपर्यंत टाकी रिकामी. बेडचं टाकीत जाणारं पाणी आधी तोडा, चौथा हिस्सा खडी काढून टाकीच्याच पाण्यात धुवा, घाण पाणी बाहेर झाडांना घाला, आठवड्याने पुढचा हिस्सा. नळाच्या पाण्यात धुऊ नका, क्लोरीनने चांगले जिवाणूही मरतात.

इथपर्यंत खर्च जवळपास नाही. माझ्या अनुभवात बहुतेक जणांचं काम इथेच होतं. नाही झालं तर आता पैसे.

टेस्ट किट. अमोनिया, नायट्राइट, पीएच (पाणी किती आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा), आणि जमलं तर अल्कॅलिनिटी (ती काय ते पुढे येतंय). पट्ट्यांपेक्षा थेंबांचं किट घ्या, पट्ट्या ओल्या हाताने एकदा हाताळल्या की काहीही दाखवतात.

अमोनियाचा नुसता आकडा वाचून घाबरायचं नाही आणि निर्धास्तही व्हायचं नाही, पीएचसोबत वाचायचा. किट दाखवतं तो एकूण अमोनिया, त्यातला खरा विषारी भाग पीएच आणि तापमानावर ठरतो. २५ अंशाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाचा अर्धा टक्का विषारी, पीएच ८ झाला की पाच टक्क्यांच्या वर. म्हणजे आकडा तोच, विष जवळपास दहापट. म्हणूनच अमोनिया चढलेला असताना पीएच वाढवायला चुना किंवा सोडा टाकणं हा मासे मारायचा हमखास उपाय आहे, आणि लोक तो करतात, कारण कुठेतरी वाचलेलं असतं की पीएच ६ वाईट. आधी चौथा हिस्सा पाणी बदलून अमोनिया पातळ करा (नवीन पाण्याचा पीएचही बघून घ्या, तापमान टाकीएवढंच ठेवा), मग पीएचला हात, तोही दिवसाला ०.२ च्या वर नको.

नवीन सिस्टीम असेल, म्हणजे महिना-दीड महिना झाला नसेल, तर अमोनिया आणि मग नायट्राइट चढणं हे होणारच. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्रोस्पायरासारखे त्याचं नायट्रेट करतात, ते झाडं खातात, आणि ही फौज उभी राहायला साधारण चार ते सहा आठवडे जातात, थंडीत त्याहून जास्त. दुसरी फौज पहिलीच्या मागून येते, म्हणून मधे एक काळ असा येतो की अमोनिया उतरला म्हणून आपण सुटलो असं वाटतं आणि तेव्हाच नायट्राइट डोकं वर काढतो. नायट्राइट रक्तात जाऊन ऑक्सिजन वाहायची ताकदच घालवतो, कल्ले लालऐवजी चॉकलेटी दिसायला लागतात. पाण्यात ऑक्सिजन भरपूर आणि मासे तरीही गुदमरतायत, हे कोडं बहुतेकदा याचंच असतं. यावर साधं मीठ चालतं, काहीही न मिसळलेलं, लिटरला १ ग्रॅम, म्हणजे १००० लिटरला १ किलो, बादलीत विरघळवून दिवसभरात थोडं थोडं. त्यातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. एकदाच टाकायचं, मीठ उडून जात नाही, दर आठवड्याला टाकत बसाल तर झाडं जातील, स्ट्रॉबेरी तर आधी.

सिस्टीम जुनी आहे, सहाआठ महिने सुरळीत चालली आणि आता अचानक अमोनिया? मग पीएच बघा, ६ च्या खाली गेलेला असणार. जिवाणू काम करताना पाण्याची आम्ल सोसायची ताकद, म्हणजे अल्कॅलिनिटी, खात असतात, १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे साधारण ७ ग्रॅम (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात). ती संपली की पीएच धाडकन पडतो आणि जिवाणू संप करतात. शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत घालून पाणी पडतं तिथे टांगून ठेवला की हे हळूहळू सांभाळलं जातं. अजून एक, याच जिवाणूंना १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे साडेचार ग्रॅमच्या वर ऑक्सिजन लागतो, म्हणून हवा कमी पडली की अमोनियाही मागोमाग वाढतो. किटमध्ये अमोनिया दिसला म्हणून एअरस्टोन तपासायचा नाही असं नाही, उलट परत एकदा तपासा.

पीएच उलटा ८ च्या वर अडकून बसला असेल, काही केल्या उतरत नसेल, तर खडीवर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसली तर खडी चुनखडीची आहे. ती बदलण्याशिवाय उपाय नाही आणि हे काम कंबरतोड आहे, म्हणून बेड भरायच्या आधीच ही टेस्ट करायची असते, पण आपल्याला ते नंतर कळतं.

भरायचं पाणी आणि धातू. दर वेळी पाणी भरल्यानंतरच त्रास होतो का? नळाच्या पाण्यातलं क्लोरीन कल्ले जाळतं. उघड्या ड्रममध्ये एअरस्टोन लावून एक दिवस ठेवलं की उडून जातं, पण पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचा टिकाऊ संयोग) असेल तर ते असं उडत नाही, त्याला क्लोरीन काढणारं द्रावण लागतं. कुठे तांब्याची किंवा जस्ताचा मुलामा दिलेली फिटिंग बसवली असेल तर काढा, दोन्ही धातू माशांना वाईट, आणि पीएच कमी असेल तर जास्तच विरघळतात.

शेवटचा उपाय, बदल करणं. सगळं बरोबर आहे आणि तरी पहाट झाली की मासे वर, तर सिस्टीमच माशांना पुरत नाहीये. मासे कमी करा किंवा बेड वाढवा. झाडांच्या बाजूने हिशोब करायचा तर पानभाज्यांच्या एका चौरस मीटरला दिवसाला ४० ते ५० ग्रॅम खाद्य, फळभाज्यांना ५० ते ८० ग्रॅम, त्याहून जास्त खाद्य पडत असेल तर बेड लहान आहे. दुसरा एअर पंप लावा, तो बॅटरीवर चालणारा असेल तर उत्तम, कारण मासे दाट असतील तर वीज गेल्यावर तासाभरातही खेळ संपतो. मी तर म्हणेन पहिल्या मोठ्या खर्चात हाच घ्या, ऑक्सिजन मोजायचं भारी मीटर नंतर.

आता कुठे थांबायचं.

पाण्यात हात घातल्यावर झिणझिण्या आल्या, अगदी पुसटशा जरी, तर लगेच हात काढा, मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. पंप उघडून बघू नका, टेप गुंडाळू नका. परसातल्या पंपाच्या लाइनला विजेच्या गळतीला ट्रिप होणारा स्विच हवाच, तो सारखा पडत असेल तर काढून टाकणारे महाभाग मी पाहिलेत. तो पडतोय म्हणजे काम करतोय.

टाकीचं स्टँड एका बाजूला झुकलंय किंवा टाकीच्या भिंतीला फुगवटा आलाय? १००० लिटर म्हणजे एक टन. पाणी उपसून घ्या आणि फॅब्रिकेशनवाल्याला दाखवा, खाली विटा सरकवून भागवू नका.

आणि कल्ले. ऑक्सिजन ठीक, अमोनिया-नायट्राइट शून्य, पीएच ठीक, तरी मासे गुदमरतायत, अंग भिंतीला घासतायत, कल्ल्यांवर चिकट थर, पांढरे ठिपके किंवा झिजल्यासारखं दिसतंय, तर हे परजीवी किंवा जिवाणूंचं काम आहे आणि तिथे माझं ज्ञान संपतं, तुमचंही संपायला हवं. माशांच्या दुकानातलं औषध टाकीत ओतू नका. मॅलकाइट ग्रीन, फॉर्मेलिन, तांब्याची औषधं, अँटिबायोटिक, यातलं काहीही बेडमध्ये गेलं तर जिवाणूंची फौज झोपते आणि ज्या भाज्या तुम्ही खाणार त्यात काय उतरलं याचा पत्ता नाही. आजारी मासे वेगळ्या टबमध्ये एअरस्टोन लावून ठेवा आणि माशांचं कळणाऱ्या पशुवैद्याला किंवा मत्स्य विभागातल्या माणसाला गाठा. एका दिवसात दहातला एक मासा मेला असेल तर उद्याची वाट बघू नका, आजच.

त्यांच्याकडे जाताना जिवंत आजारी मासा न्या, मेलेला नाही, कारण मेल्यावर कल्ले काही तासांतच इतके बिघडतात की भिंगाखाली काही कळत नाही. सोबत वेगळ्या स्वच्छ बाटलीत टाकीचं पाणी, आणि ते तीन दिवसांचं वेळांचं टिपण. मला तर पहिल्यांदा त्यांनी हेच विचारलं होतं, किती वाजता वर येतात?